पहाटेचे टोळ

अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाला बायका जमल्या की आधी ओळखपरेड होते. कुणी एचआरमध्ये असते, कुणी बँकेत, कुणी घरच्या घरी केक करते. माझी पाळी आली की मी सांगते, "मी झुरळं मारते." सगळ्यांचे चमचे खिरीतच थांबतात. मग एखादी धीर करून विचारते, "म्हणजे ऑफिसमध्ये बसून ना?"

तर नाही. पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात माझी बरीच वर्षं लोकांच्या ओट्याखाली गुडघे टेकून, टॉर्च दातांत धरून गेली. हल्ली गुडघे कुरकुरतात म्हणून कंपनीनं मला टेक्निकल मॅनेजर केलं. मान वाढला असं घरी सांगितलंय, पण खरं कारण गुडघे.

माझं माहेर हर्णैचं. दापोलीला शेतकी शिकले, त्यात कीटकशास्त्र घेतलं, लग्न करून इकडे आखातात आले. आमचे हे सिलिकॉन ओएसिसमध्ये एका कंपनीचे अकाउंट्स बघतात. मला नोकरी मिळाली अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागातल्या एका गाळ्यात. माझ्या पदवीचा मला भारी अभिमान होता, पण मालकांना तिच्यात फारसा रस नव्हता. त्यांची अडचण वेगळी होती. इथल्या स्थानिक अरब घरांत बायकांच्या भागात पुरुष टेक्निशियनला जाता येत नाही, आणि मुंग्यांना तो नियम माहीत नसतो. त्यांना बाई हवी होती. हे कळल्यावर पदवी फ्रेम करायचा बेत मी रद्द केला.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे पाठीला टाकी लावायची आणि फुसफुस करत फिरायचं. फवारायला दहा मिनिटं लागतात हो. वेळ जातो तो शोधण्यात. किडा कुठं राहतो, काय खातो, कधी झोपतो, हे कळलं की तो तुमच्या हातात आला. गिऱ्हाइकाला विचारून मात्र काही उपयोग नसतो, कारण या धंद्यातला पहिला धडा असा की झुरळं कुणाच्याच घरात नसतात. ती कायम शेजाऱ्यांची असतात. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका पुणेकर बाईंनी मला दारातच बजावलं होतं, "आमच्याकडे नाहीयेत, पण शेजारी लोक तसलेच आहेत, म्हणून बोलावलं." मी फ्रिज पुढं ओढला. मागून शेजाऱ्यांची सगळी बारशी-लग्नं बाहेर आली. बाई शांतपणे म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं? कुठून कुठून येतात!"

विचित्र गिऱ्हाइकांत पहिला नंबर मात्र कौस्तुभचा. हा पुण्याचा मुलगा, ऑफिस सिलिकॉन ओएसिसमध्ये आणि कारखाना आमच्या मागच्या गल्लीत. कारखाना कसला, तर रातकिड्यांचा. मोठमोठ्या ट्रेमध्ये रातकिडे पाळायचे, वाळवून त्यांची पूड करायची आणि ती प्रोटीन म्हणून विकायची. त्याच्या ट्रेंना मुंग्या लागल्या होत्या. त्यानं मला बोलावलं आणि म्हणाला, "मॅम, मुंग्या मारायच्या, पण माझ्या किड्यांना काही व्हायला नको." मी डोक्याला हात लावला. शेवटी आमच्या हर्णैच्या घरी दुधाच्या कपाटाला करायचे तेच केलं. प्रत्येक रॅकच्या पायाखाली पाण्याची वाटी ठेवली. मुंग्या बंद. कौस्तुभनं खूश होऊन मला किड्यांच्या पुडीची वडी भेट दिली.

"तू स्वतः खातोस का रे?" मी विचारलं.

"नो नो मॅम, मी प्युअर व्हेज आहे."

त्याच्या लॅपटॉपवर गुंतवणूकदारांना दाखवायचं एक चित्र होतं. वाळवंट, तंबू, आणि टोपलीत टोळ घेऊन बसलेली एक म्हातारी. खाली लिहिलं होतं की वाळवंटातले लोक पिढ्यान् पिढ्या किडे खात आलेत. मला वाटलं, असेल कुठल्या तरी जुन्या काळातली गोष्ट.

त्याच हिवाळ्याच्या शेवटाला ती गोष्ट मी डोळ्यांनी बघितली.

राशिद नावाच्या एका स्थानिक गृहस्थांचं घर आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या शारजातल्या घरी वाळवी लागली तेव्हा मी बायकांच्या भागात आठवडाभर काम करत होते, आणि राशिदची आई माझ्यावर देखरेख करत होती. तिला सगळे उम्म राशिद म्हणत, म्हणजे राशिदची आई. मी तिला खाला म्हणायचे, मावशी या अर्थानं. तोंडावर चमकत्या कापडाचा जुन्या पद्धतीचा बुरखा, हातात काठी, आणि दर तासाला कॉफीचा छोटा पेला माझ्यापुढं. तिला हिंदीचे चार शब्द येत, मला अरबीचे आठ. मधे दुभाषी म्हणून राशिदची कॉलेजात जाणारी मुलगी, शम्मा. ती आजीचं अरबी माझ्यासाठी इंग्रजीत करायची.

राशिदचा फोन संध्याकाळी आला. इथले लोक आपल्या लोकांशी हिंदीत बोलतात, व्याकरणाची फिकीर न करता. "दुक्तूरा!" तो मला डॉक्टरच म्हणतो. "जराद आया, बहुत आया! मेरा ऊंट का घास पूरा खलास करेगा. सुबह जल्दी आओ, यल्ला!"

जराद म्हणजे टोळ. त्या वर्षी आखातात टोळांच्या धाडी फिरत होत्या, आणि एक तुकडी धैदच्या पुढं राशिदच्या वाळवंटातल्या वाडीवर उतरली होती. अशा धाडीची वर्दी सरकारी खात्याला द्यावी लागते. ती त्यानं दिली होती, पण पथक दुसरीकडे गुंतलेलं होतं. आम्हाला फक्त त्याचं घासाचं शेत वाचवायचं होतं.

टोळ मारायचा तर पहाटे जावं. तो थंड रक्ताचा जीव. वाळवंटात रात्री हाडं गोठवणारा गारठा असतो, त्यात तो झुडपावर बसल्या जागी आखडतो. अंगावर ऊन पडेपर्यंत त्याला उडता येत नाही. तेवढाच वेळ आमचा.

उजाडायच्या सुमाराला मी आणि हमीदभाई पोचलो. हमीदभाई आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, खेडचे. त्यांच्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून कामाचा अर्धा शीण जातो. गाडीवर औषधाची टाकी भरलेली. बघतो तर आमच्या आधी तिथं उम्म राशिद हजर! अंगावर लोकरीची शाल, कमरेला पदरासारखं काहीतरी खोचलेलं, आणि दोन्ही हातांनी ती टोळ गोळा करून गोणीत टाकत होती. आपण करवंदं काढावीत तितक्या सहज. शम्मा मागून मोबाईलचा उजेड धरून चालली होती.

हमीदभाई थांबले. "मॅडम, ही खाणार बरं का. टिड्डी आमच्यात हलाल आहे, माशासारखी. ती कापावी लागत नाही. पण मी काय अजून खाल्ली नाही हो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टोळ मारणाऱ्याची वेळ पहाटेची, तशी टोळ खाणाऱ्याचीही पहाटेचीच. दोघांनाही तो गारठलेलाच हवा. इतकं कीटकशास्त्र शिकले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

उम्म राशिदनं मला जवळ बोलावून एक पिवळा टोळ दाखवला. त्याचं पोट दाबलं. "शी सेज, दिस वन इज फीमेल, फुल ऑफ एग्ज. बेस्ट वन," शम्मा म्हणाली. मी हर्णैची. मला माशाच्या पोटातली गाबोळी समजवावी लागत नाही. मग म्हातारीनं कृती सांगितली. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी खळखळ उकळायचं, त्यात आख्खी गोणी सोडायची. नंतर कापडावर पसरून उन्हात वाळवायचे. खाताना डोकं ओढलं की पोटातली घाण त्याच्याबरोबर येते, पंख आणि तंगड्या तोडायच्या, उरलेलं खजुराबरोबर तोंडात. वाळवलेले टोळ वर्षभर टिकतात. ती लहान होती तेव्हा पाऊस नसलेल्या वर्षी घरात तेवढंच असायचं. टोळ वाळवंटातला सगळा झाडपाला खातो, म्हणून तो आला की घरातली औषधं फेकून द्यावीत, अशी म्हण आहे म्हणे त्यांच्यात.

"पण इतके कशाला?" दोन गोण्या भरल्या होत्या, तिसरी चालू होती.

शम्माचा आवाज खाली आला. म्हातारीची थोरली बहीण आयशा शारजाच्या घरी अंथरुणावर होती. महिन्याभरापासून तिनं अन्न सोडलं होतं. घास पुढं केला की तोंड फिरवायची. टोळधाडीची बातमी कानावर पडल्यापासून मात्र एकच विचारत होती, आपल्याकडे आली का? दोघी बहिणी आईबरोबर पहाटे अशाच गोण्या भरायच्या. गेल्या कित्येक वर्षांत गोळा करण्याइतके टोळ इकडे फिरकले नव्हते. उम्म राशिदनं बहिणीला शब्द दिला होता की आज दुपारी तुझ्या तोंडात मी जराद घालते.

राशिद तिकडून तावातावानं आला. "दुक्तूरा, आप बोलो. अम्मा को बोरी चाहिए, मेरे को घास चाहिए. धूप आएगा तो सब उड़ेगा, फिर क्या मारेगा? हवा?"

त्याचं चुकत नव्हतं. पण झुडपं घासाच्या शेताला लागूनच होती, आणि वारा झुडपांकडे होता. फवारलं असतं तर तिच्या हातांवरच औषध पडलं असतं. मी म्हटलं, "पहले खाला का काम होगा. फिर मेरा." राशिदनं हात वर केले आणि तो उंटांकडे निघून गेला. आईपुढं त्याचं काही चालत नाही, हे मी वाळवीच्या वेळीच बघितलं होतं.

हमीदभाई तोवर वाडीला चक्कर मारून आले. "मॅडम, जरा इकडे या," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मी लगेच गेले.

खालच्या अंगाला शेजारच्या वाडीचं तारेचं कुंपण होतं. कुंपणालगत जमिनीवर टोळांचा सडा पडला होता. लांबून वाटावं, थंडीनं आखडून पडलेत. हमीदभाईंनी काडीनं एकाला उलटं केलं. तो पाठीवरच राहिला आणि त्याचे पाय बारीक बारीक थरथरत होते.

हे आमच्या धंद्यातलं. गारठलेला टोळ फांदी सोडत नाही. पाय आवळून, तिला कवटाळून बसतो. तुम्ही ओढलंत तर फांदी वाकते. विष लागलेल्याची पकड सुटते, तो खाली पडतो, उताणा होतो आणि पायांना झटके येतात. झुरळ मरताना उताणं का होतं असं लोक मला नेहमी विचारतात. त्याचं कारणही हेच.

कुंपणापलीकडे तिथला रखवालदार दात घासत उभा होता. विचारल्यावर अभिमानानं म्हणाला, "हाँ मैडम, कल शाम को मारा. पूरा कैन." कसला कॅन होता, हे त्याला सांगता येईना.

मी वळून पाहिलं. उम्म राशिदच्या पहिल्या दोन गोण्या याच कुंपणाजवळ टेकवलेल्या होत्या. शम्माला विचारलं, आजीनं सुरुवात कुठून केली?

"हियर," ती म्हणाली. "हर बॅक हर्ट्स. ऑल लाइंग ऑन द ग्राउंड, सो इझी."

लहानपणी ती फांदीवरून ओढून काढायची. आता पाठदुखीनं फांद्या ओढवत नाहीत, म्हणून खाली बसून पडलेले ढीग ओंजळीनं भरले. पहाटे न हलणारा टोळ म्हणजे गारठलेला, हे तिला आईनं शिकवलं होतं आणि तिच्या आईच्या काळात ते शंभर टक्के खरं होतं. तेव्हा वाळवंटात कुणी काही फवारत नव्हतं. आज दुपारी त्या गोण्या मिठाच्या पाण्यात पडणार होत्या आणि मग त्या आजारी बहिणीच्या तोंडात.  मी कामावर फारशी घाबरत नाही, त्या दिवशी घाबरले.

सांगायचं मलाच होतं. शम्मानं माझं वाक्य अरबीत केलं, तशी म्हातारी हसली. हे थंडीनं झोपलेत, ती म्हणाली. तू किडे मारायला शिकलीस, मी पकडायला. मला माहीत आहेत जराद.

"बरोबर आहे खाला," मी म्हटलं. "मग आपण दोघी मिळून बघू. ऊन पडू दे."

गाडीतली ताडपत्री काढून आम्ही वाळूवर अंथरली आणि तिन्ही गोण्या तिच्यावर ओतल्या. उम्म राशिद कडेला मांडी घालून बसली, काठी आडवी मांडीवर. मी शेजारी. सूर्य टेकडीवर आला आणि ऊन ताडपत्रीच्या एका टोकापासून पुढं सरकू लागलं. एक टोळ हलला. त्यानं पाय ताणले, पंख जरासे उचलले आणि टुण्णकन उडी मारली. मग दुसरा, मग पाच-पन्नास. म्हातारीनं माझ्याकडे विजयानं बघितलं. मलाही मनातून वाटायला लागलं की माझंच चुकू दे.

पण ऊन सगळ्या ताडपत्रीवर पसरलं आणि उड्या मारणारे उडून गेले, तरी निम्म्याहून जास्त तसेच राहिले. तिनं काठीचं टोक त्यांच्यात फिरवलं. हाक मारल्यासारखं तोंडानं काहीतरी केलं. मग हातानं उलटे केले, सुलटे केले. 

धुऊन चालेल का, तिनं विचारलं. नाही. जास्त वेळ उकळले तर? मी सांगितलं, उकळल्यानं जंतू मरतात, विष मरत नाही. आणि जे उडाले ते? त्यांनाही कमी-जास्त लागलं असेल, मी म्हटलं, सगळे गोण्यांत एकत्र होते, आणि झुडपांवरच्यांचीही खात्री नाही. लॅबला पाठवून खात्री करता येईल? येईल, पण रिपोर्टला दिवस लागतात, आणि कुठलं औषध शोधायचं हेच माहीत नाही. तिचे प्रश्न संपले तशी शम्मा भाषांतर करायची थांबली आणि डोळे पुसू लागली.

"खलास," उम्म राशिद म्हणाली. मग अजून एक वाक्य. शम्मानं ते मला नंतर सांगितलं. इतक्या वर्षांनी माझ्या दारात आले, आणि विष खाऊन आले.

हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या गाडीवरच्या टाकीकडे बघत होती. आम्ही त्या दिवशी एक थेंबही फवारला नाही, टाकी भरलेलीच परत आली. तरी त्या क्षणी मला ती कुठंतरी लपवावीशी वाटली.

हमीदभाईंनी खड्डा खणला. उंट-शेळ्यांच्याही तोंडी जायला नको होते. ताडपत्री रिकामी करताना म्हातारीनं एक टोळ उचलला. डोकं ओढलं, पंख तोडले, तंगड्या तोडल्या, सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. बोटांना सवय होती. मग स्वच्छ केलेला तो तुकडा तिनं खड्ड्यात टाकला.

तेवढ्यात झुडपांवरचे बाकीचे टोळ एकदम उठले. आभाळ पिवळट झालं, सळसळ झाली, आणि धाड दक्षिणेला निघून गेली. मागं घासाच्या शेतात नुसत्या काड्या. राशिद कमरेवर हात ठेवून उभा होता. "अम्मा का खाना भी गया, ऊंट का खाना भी गया," तो म्हणाला. "दुक्तूरा, आप किस लिए आया?"

मी ताडपत्रीची घडी करून गाडीत टाकली.

परतीच्या वाटेवर मला कौस्तुभ आठवला. त्याचे रातकिडे तर डब्यात वाढलेले, स्वच्छ, बिनविषाचे! फोन केला तर पठ्ठ्या खूश झाला. "शुअर मॅम! फक्त त्या आजींचा फीडबॅक घ्या." दुसऱ्याच दिवशी मी जाळीचा डबा घेऊन उम्म राशिदच्या घरी गेले. तिनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि "सरसूर!", म्हणजे झुरळ, म्हणून अशी किंचाळली की शम्मा धावत आली. तोवर म्हातारीच्या हातात चप्पल होती.

शम्मा हसून हसून खाली बसली. "आंटी, शी इज आस्किंग, यू टेक कॉक्रोचेस आउट ऑफ अवर हाऊस अँड ब्रिंग अदर्स फॉर अस टू ईट?"

टोळ म्हणजे टोळ आणि रातकिडा म्हणजे किडा. चिंबोरी खाणाऱ्या माणसाला भिंतीवरचा कोळी खातोस का विचारण्यासारखं झालं ते. कौस्तुभच्या चित्रात त्या म्हातारीखाली "किडे" असं लिहिलं होतं. ते चूक आहे, हे मी त्याला कळवलं. फीडबॅक म्हणून चप्पलही कळवली.

पण त्या हसण्यातही आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि पलंगावरचा आयशाचा हात दिसत होता, काडीसारखा. अजूनही ती काही खात नव्हती.

घरी आले. फ्रीजरमध्ये आईनं हर्णैहून पाठवलेली सोड्यांची पिशवी होती. सोलून वाळवलेली मोठी कोळंबी, उन्हात कडक झालेली. मी ओंजळभर सोडे काढले. खारट पाण्यात उकळले, निथळले, तव्यावर थोड्या तुपात कोरडे होईपर्यंत परतले. आमच्या लेकीनं स्वयंपाकघरात डोकावून नाक मुरडलं. "मम्मा, हू इज सिक?" मी म्हटलं, एक आजी. "अँड यू आर गिव्हिंग हर दिस?"

उम्म राशिदपुढं डबा ठेवताना मी शम्माला साफ सांगायला लावलं की हे समुद्रातलं आहे, माझ्या गावचं आहे, टोळ नाही. म्हातारीनं एक सोडा नाकाशी नेला, बोटांत फिरवला. वाकडा, लालसर, कोरडा. खारट वास. तिनं विचार केला आणि म्हणाली, आयशाला आता डोळ्यांनी दिसत नाही.

आम्ही तिघी आत गेलो. उम्म राशिद पलंगाशी बसली, बहिणीच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "जराद." एवढा एकच शब्द. मग सोडा तिच्या ओठांना लावला. आयशानं तोंड फिरवलं नाही. ते उघडलं. दात नव्हतेच, हिरड्यांनी ती बराच वेळ चघळत राहिली. मी दारातून बघत होते. लेकरू पहिला भात खातं तेव्हा आपण बघतो ना, तशी.

अखेर तिनं गिळलं आणि ती बोलली. आवाज खरखरीत, पण ठणठणीत. शम्मानं तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणाली?"

"शी सेज, दिस इज नॉट जराद. डोंट लाय टू मी." आणि मग, "गिव्ह मी वन मोर."

दुसरा सोडा चघळताना आयशा खरा जराद कसा लागतो ते सांगू लागली. पाऊस झालेल्या वर्षी त्याला कुठल्या झाडाचा वास यायचा. कुंपण नसलेल्या वाळवंटात दोघी कुठवर जायच्या. धाकटी बहीण गोणीतून चोरून खायची आणि मार आपल्याला बसायचा, हेही सांगितलं. उम्म राशिद जोरजोरात नाकारत होती. दोघी भांडत होत्या. शम्मा भाषांतर विसरली, आणि मलाही त्याची गरज नव्हती. मी तिथंच उभी राहून रडले. आईला फोन करून आणखी सोडे मागवले.

त्यानंतर आयशा थोडं थोडं खायची. कधी सोडे, कधी त्यांचं पाणी. उन्हाळ्यात ती गेली. मी भेटायला गेले तेव्हा उम्म राशिदनं माझा हात बराच वेळ धरून ठेवला. म्हणाली, शेवटी मी तिला खोटाच जराद दिला. मी म्हटलं, तिला माहीत होतं, खाला. ती म्हणाली, माहीत होतं म्हणूनच जास्त लागतं.

टोळांना मी मारलं नाही, विष माझं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण ते विष मी रोज विकते, हेही ठाऊक आहे. आता कुठल्याही वाडीचं काम आलं की हमीदभाई आधी कुंपणापलीकडे जाऊन सांगून येतात, आज आम्ही फवारणार आहोत, इथलं काही उचलून खाऊ नका. मालक म्हणतात, यात वेळ जातो. जाऊ दे.

दर हिवाळ्यात थंडी कमी व्हायला लागली की माझा फोन वाजतो. टोळधाडीच्या बातम्या आमच्या ऑफिसात आधी येतात, हे उम्म राशिदला पक्कं माहीत आहे.

"दुक्तूरा, जराद?"

मी कॉम्प्युटरवर बघते. यंदाही काही नाही. माझ्या धंद्यातल्या माणसानं यावर खूश व्हायला हवं. "नहीं खाला, इस साल नहीं."

"इन्शाल्ला अगला साल," ती म्हणते.

"इन्शाल्ला," मी म्हणते. समोरच्या टेबलावरून हमीदभाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. टोळ यावेत म्हणून प्रार्थना करणारी पेस्ट कंट्रोलवाली त्यांनी दुसरी बघितली नसेल.

फोन ठेवायच्या आधी म्हातारी एक वाक्य न चुकता बोलते. ते तिनं राशिदकडून खास हिंदीत शिकून घेतलं आहे.

"जराद आया तो तुम जल्दी आना. टंकी नहीं लाना."

"नहीं लाएगी, खाला."